आर-प्रक्रियेच्या मॉडेलमध्ये अणुविखंडन कसं बसवावं

न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून बाहेर फेकल्या गेलेल्या द्रव्याचं गणित संगणकावर चालवायला घेतलं की सुरुवातीला सगळं सरळ चालतं. बीज-केंद्रकं भराभर न्यूट्रॉन गिळतात, मधूनमधून बीटा ऱ्हास होतो, अणुक्रमांक वर सरकत जातो. हीच जलद न्यूट्रॉन-ग्रहणाची आर-प्रक्रिया. पण न्यूट्रॉन भरपूर असतील, तर सेकंदभरातच द्रव्य क्युरियम-कॅलिफोर्नियमच्या पलीकडे पोचतं, आणि तिथून पुढे काय होतं हे प्रोग्रामला आपण सांगावं लागतं. निसर्गात तिथे केंद्रकं फुटतात. फुटलेले तुकडे पुन्हा बीज होतात, पुन्हा न्यूट्रॉन गिळतात, पुन्हा वर चढतात. रहाटगाडग्यासारखं हे चक्र न्यूट्रॉन संपेपर्यंत चालू राहतं.

हा लेख एम.एस्सी. किंवा पीएच.डी.च्या सुरुवातीला असलेल्या आणि अणुप्रक्रियांचं जाळं (केंद्रकं आणि त्यांना जोडणाऱ्या अभिक्रियांची समीकरणं) म्हणजे काय ते माहीत असलेल्या वाचकांसाठी आहे. माझं मुख्य सांगणं असं: विखंडन म्हणजे एक बटण नव्हे. त्यात अडथळ्याची उंची, विखंडनाचा वेग, तुकड्यांचं वाटप आणि सुटणारे न्यूट्रॉन अशा चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्या शक्यतो एकाच अणुकेंद्रकीय मॉडेलमधून आल्या पाहिजेत, आणि तपासताना एका वेळी एकच बदलली पाहिजे.

आधी कागदावर हिशोब

कोड उतरवून घेण्याआधी एक कच्चा हिशोब करा. द्रव्यातलं प्रोटॉनांचं प्रमाण, म्हणजे दर न्यूक्लिऑनमागे (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) असलेले इलेक्ट्रॉन, याला आपण इलेक्ट्रॉन-अंश म्हणू. समजा तो ०.०५ आहे आणि सगळे प्रोटॉन ३० अणुक्रमांक व ८० वस्तुमानांक असलेल्या बीजांमध्ये बांधले गेले आहेत. मग बीजांची विपुलता, म्हणजे दर न्यूक्लिऑनमागे बीजांची संख्या, ०.०५ भागिले ३०, म्हणजे सुमारे ०.००१६७. बीजांनी एकूण वस्तुमानातला ०.१३३ भाग व्यापला; उरलेला ०.८६७ भाग मोकळे न्यूट्रॉन. एका बीजामागे न्यूट्रॉन पडले ५२०. ऐंशीच्या बीजाने ५२० न्यूट्रॉन गिळले तर वस्तुमानांक ६०० व्हायला हवा, आणि असं केंद्रक अस्तित्वातच नाही. म्हणजे विखंडन अटळ. शेवटी सरासरी वस्तुमानांक १५० च्या आसपास राहिला असं धरलं, तर एका बीजाची चार केंद्रकं झाली: दोनदा दुप्पट, म्हणजे विखंडनाची साधारण दोन चक्रं.

हाच हिशोब ०.२५ ला केला तर एका बीजामागे फक्त ४० न्यूट्रॉन मिळतात आणि गाडी १२० च्या आसपास थांबते. तिथे विखंडनाच्या फायली बदलून काही फरक पडणार नाही. वस्तुमानांक २८० गाठायला बीजामागे २०० न्यूट्रॉन लागतात, म्हणजे इलेक्ट्रॉन-अंश साधारण ०.११ च्या खाली हवा. एन्ट्रॉपी आणि प्रसरणाचा वेग या आकड्याला इकडेतिकडे हलवतात, पण कुठल्या द्रव्यावर वेळ घालवायचा ते एवढ्यावरून ठरतं.

कोड आणि द्रव्याचा प्रवास

मुक्तपणे मिळणाऱ्या कोडपैकी दोन नावं लक्षात ठेवा. स्कायनेट हा सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेला आहे आणि पायथनमधून चालवता येतो. विननेट हा फोरट्रानमध्ये आहे आणि त्यात तुकड्यांच्या वाटपाचे एकाहून जास्त पर्याय तयार मिळतात. फक्त विखंडनाचा अभ्यास करायचा असेल तर मी विननेटपासून सुरुवात करायला सांगेन. विखंडनाव्यतिरिक्तच्या बहुतेक अभिक्रियांचे वेग जिना रिअ‍ॅक्लिब या संग्रहातून येतात. तिथे प्रत्येक वेग तापमानाच्या सात गुणांकी सूत्रात बसवलेला असतो.

जाळं पुरेसं मोठं घ्या. स्कायनेटच्या लेखकांनी वापरलेल्या जाळ्यात ७,८४३ समस्थानिकं आहेत, अणुक्रमांक ११२ पर्यंत. जाळं ९२ किंवा ९६ वर कापलं तर द्रव्य काठाशी साचतं, आणि मग दिसणारं शिखर निसर्गाचं नसून आपल्या कापण्याचं असतं.

द्रव्याचा प्रवास, म्हणजे काळानुसार बदलणारी घनता आणि तापमान, प्रत्यक्ष टकरीच्या सिम्युलेशनमधून घेता येतो. शिकताना मात्र साधा सूत्रबद्ध प्रवास बरा: घनता आधी घातांकी वेगाने घटते आणि प्रसरणकाळाच्या तिप्पट वेळ झाल्यावर काळाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. एन्ट्रॉपी दर न्यूक्लिऑनमागे १० बोल्ट्झमन एकक, प्रसरणकाळ १० मिलिसेकंद, सुरुवातीचं तापमान ६ अब्ज केल्विनच्या वर, इलेक्ट्रॉन-अंश ०.०५. एवढ्या तापमानाला सांख्यिकीय समतोल असल्यामुळे सुरुवातीचं मिश्रण कोड स्वतःच काढतो. अणुऊर्जेने होणारं तापणं चालू ठेवा; एका विखंडनातून सुमारे २०० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा निघते आणि ती घटत्या तापमानाचा मार्ग बदलते.

अडथळा: जिथून सगळं ठरतं

केंद्रकाला फुटण्याआधी ताणलं जावं लागतं, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा म्हणजे विखंडनाचा अडथळा. १९३९ मध्ये बोर आणि व्हीलर यांनी द्रव-थेंबाच्या चित्रातून हे मांडलं: प्रोटॉनांचं परस्पर-प्रतिकर्षण थेंब फोडू पाहतं, पृष्ठताण तो एकत्र ठेवतो.

प्रयोगशाळेतल्या युरेनियमवरून आर-प्रक्रियेतल्या केंद्रकांचा अंदाज बांधला तर फसायला होतं. युरेनियम-२३६ घ्या, म्हणजे युरेनियम-२३५ ने न्यूट्रॉन गिळल्यावर बनणारं केंद्रक. अणुक्रमांकाचा वर्ग भागिले वस्तुमानांक येतो ३५.९. आता आर-प्रक्रियेच्या वाटेवरचं क्युरियम-२७६: त्यात ९६ प्रोटॉन आणि १८० न्यूट्रॉन, आणि तोच भागाकार येतो ३३.४. नुसतं यावरून वाटेल की न्यूट्रॉनांनी भरलेलं क्युरियम जास्त टिकाऊ आहे. पण न्यूट्रॉन-प्रोटॉनांमधला असमतोल पृष्ठताणही कमी करतो. ती दुरुस्ती केली की विभाजक युरेनियमसाठी ४६.५ आणि क्युरियमसाठी ४२.५ होतो. गुणोत्तरं येतात ०.७७ आणि ०.७९. म्हणजे द्रव-थेंबाच्या हिशोबात क्युरियम-२७६ च फुटायला अधिक तयार आहे. हा हिशोब स्वतः एकदा करून पाहा. असममिती किती महत्त्वाची आहे हे मग विसरलं जात नाही.

त्यावर कवच-रचनेच्या दुरुस्त्या येतात. १८४ न्यूट्रॉनांच्या आसपास अपेक्षित असलेल्या बंद कवचामुळे अडथळा पुन्हा उंचावतो, आणि ते कवच ओलांडल्यावर झपाट्याने खाली येतो. नेमकी हीच जागा मोजमापांच्या पल्ल्याबाहेर आहे, म्हणून सैद्धांतिक तक्त्यांवर भिस्त ठेवावी लागते. म्योलर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिलेल्या तक्त्यात ५,२३९ केंद्रकांचे अडथळे आहेत, वस्तुमानांक १७१ ते ३३०. मायर्स आणि श्वियांतेत्स्की यांचे थॉमस-फर्मी पद्धतीचे अडथळे आणि ममदूह व सहकाऱ्यांचे ईटीएफएसआय अडथळे हे दुसरे दोन नेहमीचे संच.

पहिलं काम कोड चालवणं नव्हे. दोन तक्ते घ्या, अणुक्रमांक ९० ते ११० मधल्या प्रत्येक केंद्रकासाठी अडथळ्यातून न्यूट्रॉन-विलगीकरण ऊर्जा (एक न्यूट्रॉन केंद्रकातून सोडवायला लागणारी ऊर्जा) वजा करा आणि न्यूट्रॉन-प्रोटॉनांच्या नकाशावर रंगवा. वजाबाकी ऋण आली तर न्यूट्रॉन गिळताच केंद्रक फुटू शकतं. हे दोन नकाशे शेजारी ठेवले की पुढच्या निकालांतले निम्मे फरक आधीच समजतात.

फुटण्याच्या तीन वाटा

न्यूट्रॉन-प्रेरित विखंडनात गिळलेल्या न्यूट्रॉनची ऊर्जा अडथळा ओलांडायला पुरते. पानोव आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याचे वेग वेगवेगळ्या वस्तुमान-मॉडेलांसाठी (केंद्रकांची वस्तुमानं सांगणाऱ्या सिद्धांतांसाठी) आणि अडथळ्यांसाठी दिले आहेत. स्वतः काढायचे असतील तर टॅलिससारखा अभिक्रिया-कोड वापरता येतो. बीटा-विलंबित विखंडनात बीटा ऱ्हासानंतर कन्या-केंद्रक उत्तेजित अवस्थेत उरतं आणि तिथून फुटतं. उत्स्फूर्त विखंडन कोणी न ढकलता, अडथळ्यातून बोगदा पाडून होतं.

तिघांची वेळ वेगळी असते. न्यूट्रॉन भरपूर असताना न्यूट्रॉन-प्रेरित विखंडनाचं राज्य असतं. न्यूट्रॉन संपत आले आणि द्रव्य बीटा ऱ्हासाने स्थैर्याकडे परतू लागलं की बीटा-विलंबित विखंडन पुढे येतं. उत्स्फूर्त विखंडन फार नंतरपर्यंत, दिवस-महिने, रेंगाळतं. उत्स्फूर्त विखंडनाचा वेग अडथळ्यावर घातांकी पद्धतीने अवलंबून असल्यामुळे अडथळ्यात एक एमईव्हीचा फरक पडला तरी आयुष्य लाखो पटींनी बदलू शकतं. त्यामुळे दोन संचांच्या निकालांत प्रचंड तफावत दिसली तर लगेच कोडवर संशय घेऊ नका.

सर्रास होणारी एक सरमिसळ टाळा: न्यूट्रॉन-ग्रहणाचे वेग एका वस्तुमान-मॉडेलचे आणि विखंडनाचे वेग भलत्याच अडथळ्यांचे. ग्रहण आणि विखंडन ही एकाच संयुक्त केंद्रकाची स्पर्धा आहे. त्या स्पर्धेच्या दोन बाजू दोन वेगळ्या जगांतून आणल्या तर निकालाचा अर्थ लावता येत नाही. पूर्ण सुसंगती मिळाली नाही तर किमान वस्तुमान-मॉडेल एकच ठेवा.

बीटा-विलंबित वाटेवर आणखी एक काळजी. ऱ्हासानंतर काहीच न होणं, एक न्यूट्रॉन सुटणं, दोन सुटणं, फुटणं या सगळ्या शक्यतांची बेरीज एक व्हायला हवी. विखंडनाची शक्यता नव्या फाइलमधून आणली आणि न्यूट्रॉन सुटण्याच्या जुन्या फायली तशाच ठेवल्या, तर तेच केंद्रक दोनदा मोजलं जातं.

तुकड्यांचा ताळेबंद

इथे सावकाश चला. जाळ्यातल्या सर्वाधिक चुका याच टप्प्यावर शिरतात. एकच घटना घेऊ. क्युरियम-२७५ ने एक न्यूट्रॉन गिळला, उत्तेजित क्युरियम-२७६ बनलं, ते सारख्या दोन तुकड्यांत फुटलं आणि सहा न्यूट्रॉन सुटले असं उदाहरणापुरतं धरा. उरले २७० न्यूक्लिऑन, प्रत्येक तुकड्याला १३५. प्रोटॉन ९६, प्रत्येकाला ४८. म्हणजे दोन कॅडमियम-१३५. जाळ्याच्या समीकरणांत, दर घटनेमागे, क्युरियम-२७५ एकाने घटतं, कॅडमियम-१३५ दोनाने वाढतं, आणि न्यूट्रॉन एक खर्च सहा जमा, म्हणजे पाचाने वाढतात. तपासा: २७५ गेले, २७० अधिक ५ आले. प्रोटॉन ९६ गेले, ९६ आले.

प्रत्यक्षात एका केंद्रकाचे शेकडो वेगवेगळे तुकडे संभवतात. तरी नियम हाच: तुकड्यांच्या प्रमाणांची बेरीज दोन, कारण प्रत्येक वेळी दोन तुकडे पडतात, काही फायलींत ती एक किंवा दोनशे टक्के अशी लिहिलेली असते, ती आधी पाहून घ्या. वस्तुमानांकांची भारित बेरीज अधिक न्यूट्रॉन म्हणजे फुटणाऱ्या केंद्रकाचा वस्तुमानांक. अणुक्रमांकांची भारित बेरीज म्हणजे फुटणाऱ्या केंद्रकाचा अणुक्रमांक. बीटा-विलंबित वाटेवर फुटणारं केंद्रक कन्या असतं, म्हणून तिथे अणुक्रमांक मूळ केंद्रकापेक्षा एकाने जास्त धरायचा. अमेरिशियम-२७६ चा बीटा ऱ्हास होऊन फुटलं, तर तुकड्यांतले प्रोटॉन ९५ नव्हे, ९६.

काही तुकडे इतके न्यूट्रॉनयुक्त निघतात की ते जाळ्यात नसतातच. ते टाकून देऊ नका. त्याच मूलद्रव्याचं जाळ्यात असलेलं सगळ्यात जड समस्थानिक घ्या आणि जादा न्यूट्रॉन मोकळे जमा करा. तसंच एक लाखांशापेक्षा लहान प्रमाणं गाळली तरी चालतात, पण गाळल्यावर बेरजा पुन्हा जुळवायला हव्यात. गाळणं उपयोगाचंही आहे: प्रत्येक फुटणारं केंद्रक जेकोबियन मॅट्रिक्सच्या (एका केंद्रकाच्या विपुलतेचा इतरांच्या बदलावर किती परिणाम होतो त्या तक्त्याच्या) एका स्तंभात शेकडो नोंदी भरतं, आणि विरळ मॅट्रिक्सचा फायदा तिथेच निसटतो.

आता वाटप निवडायचं कोणतं? सारखे दोन तुकडे, न्यूट्रॉन शून्य, हा पर्याय कोड नीट बसला का एवढं पाहण्यापुरता ठेवा. त्यावरून निष्कर्ष काढू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. कोडामा आणि ताकाहाशी यांचं १९७५ चं वाटप गाउसीय वक्रांचं, वापरायला सोपं. जेफ हा कोड मोजलेल्या अ‍ॅक्टिनाइडांवर उत्तम बसतो, पण आर-प्रक्रियेची केंद्रकं त्या मोजमापांपासून दूर आहेत. ममपॉवर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दिलेलं वाटप केंद्रकाच्या आकाराच्या ऊर्जा-पृष्ठभागावरून काढलेलं आहे. म्योलर यांच्या अडथळ्यांबरोबर तेच वापरणं मला जास्त पटतं, कारण दोन्हींचं मूळ एक आहे.

या वाटपांमागचं भौतिकशास्त्र आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासलं गेलं आहे. ट्रॉम्बेच्या अप्सरा अणुभट्टीत १९५६ नंतर राजा रामण्णा आणि सहकाऱ्यांनी विखंडनाचे तुकडे आणि न्यूट्रॉन यांवर काम उभं केलं, आणि मुंबईतल्या पेलेट्रॉन त्वरकावर तुकड्यांच्या वस्तुमान-वाटपाचे प्रयोग होतात. मॉडेल ज्या मोजमापांवर पारखली जातात, ती अशाच कामातून येतात.

चालवण्याचा क्रम

पहिली फेरी विखंडन बंद ठेवून. तिचा निकाल खोटा आहे हे ठाऊक असूनही ती हवी, कारण द्रव्य कुठे आणि किती वेळात साचतं ते तिथे उघड दिसतं. दुसरी फेरी सममित तुकड्यांची. तिसरी खऱ्या वाटपाची, पण सुटणारे न्यूट्रॉन शून्य धरून. ते न्यूट्रॉन तुकड्यांमध्येच ठेवा, नाहीतर ताळेबंद बिघडेल. चौथी न्यूट्रॉनांसह. मग हेच सगळं दुसऱ्या अडथळा-संचाने.

प्रत्येक पावलाला एकूण वस्तुमानाची बेरीज छापा. ती एकापासून सरकत चालली आणि सरकणं नेमकं विखंडन जोरात असताना होत असेल, तर पावलाचा आकार लहान करण्याआधी तुकड्यांची फाइल तपासा. पाऊल लहान केल्याने तिथली चूक बरी होत नाही. विखंडनाचा प्रवाह, म्हणजे वेग गुणिले विपुलता, प्रत्येक केंद्रकासाठी आणि प्रत्येक वाटेसाठी वेगळा साठवा. काळावर बेरीज करून नकाशावर मांडला की प्रत्यक्ष निकाल ठरवणारी केंद्रकं नजरेत भरतात, आणि संवेदनशीलतेचा अभ्यास त्यांच्यापुरता करता येतो.

निकाल वाचताना

अंतिम विपुलतेच्या आलेखात ८०, १३० आणि १९५ जवळची तीन शिखरं आणि १६५ जवळचा दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा उंचवटा पाहा. दुसरं शिखर आणि उंचवटा यांचा आकार तुकड्यांच्या वाटपाने बदलतो. तिसऱ्या शिखरावर थेट तुकडे पडत नाहीत, तरी तेही हलतं: न्यूट्रॉन-ग्रहण थांबत आल्यावर विखंडनातून सुटलेले उशिराचे न्यूट्रॉन तिथली केंद्रकं गिळतात आणि शिखर जड बाजूला सरकतं. आइखलर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हे दाखवलं. तुमच्या तिसऱ्या आणि चौथ्या फेरीतला फरक हाच परिणाम दाखवेल.

एकाच प्रवासाचा निकाल सूर्यमालेच्या आलेखावर ठेवून जुळवत बसू नका. खऱ्या टकरीतलं द्रव्य अनेक इलेक्ट्रॉन-अंशांचं मिश्रण असतं. त्याहून नेमकी कसोटी जुन्या ताऱ्यांत सापडते. रोडरर आणि सहकाऱ्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये ४२ ताऱ्यांच्या अभ्यासातून दाखवलं की रुथेनियम, ऱ्होडियम, पॅलेडियम आणि चांदी ही चार मूलद्रव्यं युरोपियम आणि त्याहून जड मूलद्रव्यांच्या जोडीने वाढतात, पण आवर्तसारणीतली त्यांच्या शेजारची मूलद्रव्यं तशी वाढत नाहीत. त्यांचा निष्कर्ष: यामागे २६० पेक्षा जास्त वस्तुमानांकाच्या केंद्रकांचं विखंडन आहे. तुमच्या वाटपात हलके तुकडे ९९ ते ११० च्या पट्ट्यात पडतात का, हे म्हणूनच जरूर पाहा. सममित वाटप इथे पहिल्याच फटक्यात बाद होतं. क्युरियम-२७६ चे तुकडे १३५ ला पडले तर चांदीपर्यंत काहीच पोचत नाही.

दुसरी कसोटी प्रकाशाची. १७ ऑगस्ट २०१७ च्या गुरुत्वीय लहरींनंतर दिसलेल्या किलोनोव्हाची (न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीनंतरच्या प्रकाशझोताची) ऊर्जा मुख्यतः किरणोत्सारी ऱ्हासातून आली. अशा प्रसंगात कित्येक आठवड्यांनंतर कॅलिफोर्नियम-२५४ महत्त्वाचं ठरू शकतं: अर्धायुष्य ६०.५ दिवस, जवळजवळ सगळा ऱ्हास उत्स्फूर्त विखंडनाने, आणि प्रत्येक विखंडनाची ऊर्जा बीटा ऱ्हासाच्या कित्येक पट. या समस्थानिकाचा इतिहासही वेधक आहे. १९५२ च्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीच्या अवशेषांशी त्याचं नाव जोडलं गेलं, आणि १९५६ मध्ये बर्बिज दांपत्य, हॉयल, क्रिस्टी आणि फाउलर यांनी त्याच्या आधारे सुपरनोव्हाचं मंदावणं समजावायचा प्रयत्न केला. सुपरनोव्हाच्या बाबतीत ते श्रेय पुढे निकेल-५६ आणि कोबाल्ट-५६ यांच्याकडे गेलं. किलोनोव्हाच्या संदर्भात कॅलिफोर्नियम मात्र पुन्हा चर्चेत आलं आहे.

मॉडेलमध्ये ते किती उरतं हे वस्तुमानांक २५४ च्या साखळीवर ठरतं: परतीच्या वाटेवर त्यातली केंद्रकं आणि त्यांना भरणारी जड केंद्रकं बीटा-विलंबित विखंडनाने आधीच फुटली, तर कॅलिफोर्नियमपर्यंत काही पोचतच नाही. म्हणून प्रकाशवक्र काढण्याआधी प्रत्येक अडथळा-संचासाठी १० व्या, ५० व्या आणि १०० व्या दिवशीची कॅलिफोर्नियम-२५४ ची विपुलता वेगळी छापा. उष्णतेचा हिशोबही अल्फा, बीटा आणि विखंडन असा तीन स्तंभांत ठेवा, आणि निकालाच्या फाइलच्या माथ्यावर अडथळे, वेग, वाटप आणि न्यूट्रॉन-संख्या या चारही गोष्टी कुठून घेतल्या ते लिहा.